विद्यापीठातली नोकरी म्हणजे आरामाची नोकरी?

आम्हा आयटीवाल्यांच्या चहाच्या टपरीवर काही वाक्यं कायमची ठरलेली आहेत. त्यातलं एक म्हणजे, "विद्यापीठात चिकटायला हवं होतं राव! उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, वर पेन्शन. डेडलाईन नाही की क्लायंट नाही."

मंडळी, आज या वाक्याची जरा चिरफाड करू.

आधी पेन्शन. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नवीन भरतीला जुनी पेन्शन योजना बंद झाली. म्हणजे आपल्या वयाचे जे लोक तिथे लागले, त्यांच्यासाठी तो विषय तिथेच संपला.

आता सुट्टी. माझी वहिनी एका सरकारी विद्यापीठात शिकवते. (नाव कशाला, गोष्ट कुठल्याही विद्यापीठाची असू शकते.) सेट झालेली, पीएच.डी. झालेली. पण तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याच तासांचे पैसे. मग मे महिन्यात किती पैसे? शून्य! आपण ज्या सुट्टीवर जळतो, तिच्या विचाराने वहिनीला मार्चपासूनच धडकी भरते. शिवाय दर वर्षी जूनमध्ये पुन्हा मुलाखत. तेच लोक, तेच प्रश्न. आणि झालेल्या तासांची बिलं कधी निघतील ते लेखा विभागालाच ठाऊक.

शेजारच्या टेबलावर कायमस्वरूपी सहायक प्राध्यापक बसतात. सातव्या वेतन आयोगात त्यांचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. यूजीसीने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं सुचवलं होतं. वहिनीच्या हातात पडतात ते याच्या निम्मेसुद्धा नाहीत. वर्ग तेच, अभ्यासक्रम तोच, पेपरांचे गठ्ठेही तेवढेच.

आता तुम्ही म्हणाल, कायम झालेले तरी कुठे काम करतात? खरंय, काही जण करत नाहीत. (आपल्या कंपनीत असे कोणी नाहीतच ना! :) ) पण जे करतात त्यांचं काम मोजलं कसं गेलं तेही बघा. २०१० च्या नियमांत यूजीसीने एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली. पेपर छापला, इतके गुण. परिसंवादात निबंध वाचला, इतके गुण. तेव्हा बढती त्या गुणांवर ठरायची. कोडच्या ओळी मोजून पगार ठरवला तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. ओळी वाढतील. इथे जर्नलं वाढली. पैसे भरा आणि छापून घ्या! शेवटी मे २०१८ मध्ये यूजीसीला स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली.

या सगळ्यात 'वर्गात पोरांना समजलं का' हा रकाना कुठे आहे? परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शंका घेऊन आलेल्या पोरापाशी दोन तास बसलात, त्याचे गुण किती? सांगायची गरज नाही.

माझ्या मते विद्यापीठात काम करणं म्हणजे नेमकं हेच. जे काम खरं आहे ते कुठे नोंदलं जात नाही, आणि ज्याची नोंद होते ते बऱ्याचदा काम नसतं. तरीही तिथे टिकून मनापासून शिकवणारे लोक आहेत. त्यांना आळशी म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

आणि याचा भुर्दंड पोरांना पडतो. वहिनीच्या वर्गात बरीचशी मुलं गावाकडून आलेली, घरातली पहिलीच पदवीला पोचलेली. खाजगी विद्यापीठाची फी त्यांना परवडत नाही. त्यांना सल्ला देणारं, ओळखणारं माणूस पुढच्या जूनमध्ये तिथे असेलच याची खात्री नाही. त्यातल्या एखाद्याला पीएच.डी. करायची असली, तर वहिनी मार्गदर्शक होऊ शकत नाही, कारण नियमानुसार मार्गदर्शक कायमस्वरूपीच लागतो. आपण कंपनीत प्रोजेक्टच्या मध्यावर माणूस सोडून गेला तर केवढा आरडाओरडा करतो! इथे तीच रीत झाली आहे.

उपाय फार हुशारीचे नाहीत. मंजूर जागा भरा. तासिकावाल्यांना बाराही महिने, ठरल्या तारखेला पगार द्या. बढतीत शिकवण्याला खरं वजन द्या. पैसे नाहीत असं सरकार म्हणेल, तर आपण निदान करदाते म्हणून विचारायला हवं की मग प्राधान्य कशाला आहे?

असो. सोमवारी टपरीवर ते वाक्य पुन्हा ऐकू येईलच. तेव्हा एवढंच विचारा, "मे महिन्याचा पगार न घेता जाशील का रे?"

बाकी पुढच्या वीकांताला.