डीपीचा गाभाही मोजा

शिरूर आणि दौंडच्या बागायती पट्ट्यात डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, दोन कारणांनी हातची जाते. एक तर ती जळते, नाहीतर चोर ती खाली पाडतात, ऑइल शेतात ओततात आणि तांब्याची कॉइल कापून नेतात. मागे पडतो तो लोखंडी पत्र्यांचा गाभा, वाकलेला आणि मातीने माखलेला. त्याबद्दल कोणी हळहळत नाही. सगळी चर्चा तांब्याची, आणि नवी डीपी कधी बसणार याची. पण दुरुस्त होऊन आलेल्या रोहित्रात नव्या कॉइलइतकाच जुना गाभाही महत्त्वाचा असतो. तो किती वीज खातो, हा आकडा टाकीवर रंगवलेला असला पाहिजे.

चोरांनी टाकून दिलेला हा पत्रा साधा नसतो. लोखंडात सुमारे 3 टक्के सिलिकॉन, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. लोखंडाचा स्फटिक घनाकार असतो आणि घनाच्या कडेच्या दिशेने तो सर्वांत सहज चुंबकित होतो. अमेरिकेत नॉर्मन गॉस यांनी 1930च्या दशकात लाटण्याचा आणि तापवण्याचा असा क्रम बसवला, की पत्र्यातल्या बहुतेक स्फटिकांच्या कडा लाटण्याच्या दिशेने एका ओळीत आल्या. आपल्या विजेवर गाभ्यातले चुंबकत्व सेकंदाला 100 वेळा दिशा पालटते. ओळ नीट असेल तर त्यात वीज कमी जळते. सिलिकॉन साडेसहा टक्क्यांवर नेले तर हानी आणि गुणगुण आणखी घटते. मात्र तिथे अणूच ठरलेल्या जागा धरून बसतात आणि पत्रा इतका ठिसूळ होतो, की नेहमीच्या पद्धतीने लाटता येत नाही. जपानमध्ये मग पत्रा आधी लाटून नंतर वायूतून त्यात सिलिकॉन मुरवण्याची वाट काढली गेली. स्फटिकांची ओळ बसवलेला पत्रा आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात बनतो, तरी देशाला तो बऱ्याच प्रमाणात आयात करावा लागतो. इतक्या कष्टाने बसवलेली ओळ हातोड्याच्या घावाने बिघडते. पत्रा वाकला की आत ताण राहतो. आगीत वरचा इन्सुलेशनचा थर गेला की पत्र्यापत्र्यांतून भोवरी प्रवाह वाहू लागतात. ताण भट्टीत सुमारे 800 अंशांना तापवून काढता येतो, पण गेलेला थर त्याने परत येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की शेतीपंपांच्या फीडरला वीज आठ तासच असते, मग गाभ्याची हानी ती किती? हिशेब करू. गाभा 100 वॅट जास्त खात असेल तर रोज आठ तासांप्रमाणे वर्षाला 292 युनिट जातात. गावठाणाच्या डीपीवर, जिथे वीज चोवीस तास, तिथे 876. पंप चालू असो वा नसो, ही वीज जातेच, आणि कोणत्याही ग्राहकाच्या मीटरवर ती दिसत नाही. एका डीपीपुरता आकडा लहान आहे, हे मान्य. पण रोहित्र वीस-पंचवीस वर्षे चालावे अशी अपेक्षा असते, आणि तालुक्यात डीपी एक नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. ऊस वाळत असताना, कांद्याचे पाणी लांबलेले असताना शेतकऱ्याला डीपी आज हवी असते; तेव्हा चाचणीचे सोवळे कोणाला परवडणार? पण ही चाचणी काही मिनिटांची आहे. उच्चदाबाची बाजू मोकळी ठेवायची, लघुदाबाच्या बाजूला ठरलेला दाब द्यायचा आणि वॅटमीटर वाचायचा. रोहित्राच्या नेहमीच्या चाचण्यांत ती मोडतेच, म्हणजे नवे यंत्र घ्यायचे नाही. उशीर होतो तो बहुधा कॉइल, ऑइल आणि वाहतुकीपायी. डीपी जळते ती तारेवर आकडे टाकून केलेल्या वीजचोरीमुळे आणि जादा पंपांमुळे, असेही म्हटले जाईल. बऱ्याचदा ते खरेही आहे, पण त्यामुळे जळालेल्या गाभ्याची तपासणी टळत नाही. उलट गरज वाढते. काही ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची कॉइल वापरतात. त्याने चोराचा मोह कमी होईल, गाभा सुधारणार नाही. तेव्हा दुरुस्तीची तारीख, मूळ हानी किती वॅट आणि आताची किती, एवढ्या तीन गोष्टी टाकीवर लिहाव्यात. मूळ आकड्यापासून फार दूर गेलेला गाभा पुन्हा खांबावर चढवू नये. त्याचे पैसे त्याच वेळी भंगारात मोजून घ्यावेत.