समांतर आज्ञावली आणि यंत्राचे बंधन

अजिंठ्याच्या डोंगराखालच्या फर्दापूरचा पाऊस आणि घाटावरच्या गावांचा पाऊस हवामानाच्या प्रतिमानाने वेगवेगळा दाखवावा अशी अपेक्षा असेल, तर प्रतिमान ज्या चौकोनांत भूभाग विभागते ते चौकोन लहान करावे लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची भारत फोरकास्ट सिस्टीम 2025 पासून 12 ऐवजी 6 किलोमीटरच्या जाळीवर चालते. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि गणनेतील कालखंडही सहसा आखूड करावा लागत असल्याने काम त्याहूनही वाढते. ते हजारो प्रोसेसरांत वाटणे म्हणजे समांतर संगणन. मात्र प्रत्येक तुकड्याला शेजाऱ्याचे आकडे लागत असल्याने ते कोणी कोणाला केव्हा पाठवायचे, हेच आज्ञावलीतले खरे कष्टाचे काम ठरते.

1994 मध्ये प्रमाणित झालेल्या एमपीआय (मेसेज पासिंग इंटरफेस) पद्धतीत असा प्रत्येक निरोप आज्ञावलीकाराने स्वतः लिहायचा असतो. उच्चस्तरीय पद्धतीत तो केवळ गणनेचा आकृतिबंध सांगतो (संगणकशास्त्रज्ञ मरे कोल यांनी 1989 मध्ये यालाच 'सांगाडा' म्हटले) आणि वाटणी व निरोप कंपायलर किंवा लायब्ररी सांभाळते. या फरकाचे महत्त्व यंत्रे बदलतात तेव्हा कळते. 1991 मध्ये पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने सिद्ध केलेला परम 8000 हा महासंगणक ट्रान्सप्युटर या चिपांवर उभा होता. त्या चिपा इतिहासजमा झाल्या, आज ग्राफिक्स प्रोसेसर आले, पावसाची समीकरणे मात्र तीच राहिली. यंत्राला जखडलेला आज्ञावलीचा भाग प्रत्येक पिढीत नव्याने लिहावा लागतो, हा खर्च सहसा अंदाजपत्रकात दिसत नाही.

तरीही सर्व भार कंपायलरवर टाकणे भाबडेपणाचे आहे. 1993 च्या हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान या भाषेने बहुतांशी तेच केले, अपेक्षित वेग मिळाला नाही आणि शास्त्रज्ञ एमपीआयकडेच वळले. ग्रिड संगणनात, म्हणजे सी-डॅकच्या 'गरुडा'प्रमाणे निरनिराळ्या शहरांतील संगणक जोडून काम करताना, ही मर्यादा अधिक बोचते: एका दालनात मायक्रोसेकंदांत पोहोचणारा निरोप शहरांदरम्यान मिलिसेकंद घेतो. त्यामुळे एकाच अंदाजाची जाळी दोन शहरांत चिरणे व्यर्थ, पण किंचित वेगळ्या आरंभस्थितींचे अनेक स्वतंत्र अंदाज शहरांत वाटून देणे सहज शक्य. हा निवाडा कोणतीही भाषा आपोआप करत नाही. तो तज्ज्ञालाच करावा लागतो.

म्हणून नवी आज्ञावली लिहिणाऱ्यांनी समीकरणे आणि निरोपांची व्यवस्था पहिल्या दिवसापासून वेगळ्या स्तरांत ठेवावी, आणि महासंगणक खरेदी करणाऱ्या संस्थांनी जुन्या आज्ञावली नव्या यंत्रावर आणण्याचा खर्च निविदेतच धरावा.