राख नदीत की भिंतीत?

कोराडी आणि खापरखेड्याच्या राखेचा प्रश्न नागपूर जिल्ह्याला नवा नाही. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. वीज तारांवरून मुंबई-पुण्यापर्यंत गेली, राख मात्र आपल्याच जिल्ह्यात साचत राहिली. २०१३ पासून आपल्या कुही तालुक्याच्या शेजारी मौद्याच्या एनटीपीसी प्रकल्पाची त्यात भर पडली. आपल्याकडचा शंभर किलो कोळसा जाळला की त्यातून साधारण तीस ते चाळीस किलो राख निघते. २०२१-२२ या एका वर्षात देशभरातल्या वीज केंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली. स्वस्त आणि भरपूर वीज हा गरिबी हटवण्याचा मार्ग आहे, असे बाबासाहेबांनी १९४३ साली मजूरमंत्री असताना सांगितले होते. तेव्हा वीज हवीच. पण तिच्या मागे उरणाऱ्या राखेचे काय करायचे, हा प्रश्न आता आपल्याला सोडवायचा आहे.

जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखेचा लोंढा शेतांत आणि वस्त्यांत शिरला, तिथून नाल्यांवाटे कन्हान नदीत उतरला. ही कन्हान पुढे कुठे जाते? आपल्या कुही तालुक्यातील आंभोऱ्याला येऊन ती वैनगंगेला मिळते. त्याखाली गोसीखुर्दचे पाणी पसरले आहे. म्हणजे वर कोराडीला जे सांडते त्याचा शेवट आपल्या दाराशी होतो. कोळशाच्या राखेत पारा, अर्सेनिक, शिसे यांसारखी विषारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. राख ओली होऊन वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिली की ती झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरू शकतात. म्हणून 'ते कोराडीवाले बघून घेतील' असे म्हणून आपल्याला चालणार नाही.

राखेत असते तरी काय?

चुलीतली राख आणि वीज केंद्राची राख एक नव्हे. तिथे कोळशाची बारीक पूड हजार अंशांहून कितीतरी जास्त उष्णतेत जळते. कोळशातली माती वितळते आणि धुराबरोबर वर जाताना थंड होऊन काचेचे गोल गोल कण बनतात. यातले बरेचसे कण डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असतात. त्यांत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असते. हे कण नुसत्या पाण्यात कालवले तर घट्ट होत नाहीत. पण चुना आणि पाणी एकत्र मिळाले की त्यांची चुन्याशी हळूहळू क्रिया होते आणि सिमेंटसारखाच चिकट, टणक पदार्थ तयार होतो. सिमेंटमध्ये पाणी घातल्यावर चुना सुटतोच. राख तो चुना पकडते आणि पक्का करते. राख मिसळलेले काँक्रीट सुरुवातीला सावकाश घट्ट होते, पण पुढे चांगली ताकद धरते, याचे कारण हेच.

आपल्या जुन्या लोकांना ही गोष्ट वेगळ्या नावाने ठाऊक होती. सिमेंट येण्याआधी भिंती चुना आणि सुरखीत बांधत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. बैलाच्या घाणीत चुना-सुरखी मळणाऱ्या मजुराला सिलिका हा शब्द माहीत नव्हता, पण भाजलेली माती चुन्याला धरते हे त्याच्या हाताला माहीत होते.

रोमपासून नागपूरपर्यंत

दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून बांधकाम करीत. त्यांची कित्येक बांधकामे आजही उभी आहेत. त्या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. ते कच्च्या कालवणीमुळे राहिले असावेत, असा बऱ्याच जणांचा समज होता. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळेच दाखवून दिले. भिंतीला बारीक तडा गेला आणि त्यात पाणी शिरले, की हे खडे विरघळतात आणि पुन्हा घट्ट होऊन तडा भरून काढतात. प्रयोगशाळेत त्यांनी तसेच काँक्रीट करून मुद्दाम तडे पाडले. दोन आठवड्यांत ते बुजले.

आपल्या देशात दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींनी स्वित्झर्लंड आणि क्युबाच्या शास्त्रज्ञांबरोबर एक नवे सिमेंट तयार केले. नेहमीच्या सिमेंटचा क्लिंकर १४५० अंशांवर भाजावा लागतो. या नव्या सिमेंटमध्ये तो निम्माच घालतात. उरलेल्या जागी सातशे-आठशे अंशांवर भाजलेली माती, चुनखडीची पूड आणि थोडे जिप्सम घालतात. म्हणजे तत्त्व आपल्या सुरखीचेच. २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोने या सिमेंटचे मानकही ठरवून दिले.

महाराष्ट्रातले उदाहरण घाटघरचे आहे. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या धरणात सिमेंटचा मोठा हिस्सा कमी करून त्या जागी वीज केंद्राची राख वापरली गेली. रोलरने दाबून केलेल्या काँक्रीटचे हे भारतातले पहिले धरण. जी राख धरणाला चालते ती आपल्या घराच्या भिंतीला का चालू नये?

विटेच्या बाबतीत विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास या संशोधक जोडीने राख, चुना आणि जिप्सम यांची वीट पुढे आणली. ती भट्टीत भाजावी लागत नाही, पाण्यावरच पिकते. आपल्या नागपुरातही काम झाले आहे. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतील संशोधकांनी २०१२ च्या सुमारास कागद गिरणीतला टाकाऊ गाळ, कापसाचा कचरा आणि दहा टक्के सिमेंट यांपासून वजनाला हलक्या विटा करून दाखवल्या. म्हणजे ज्ञान दूर नाही. ते बर्डीहून बसने जाता येईल इतक्या अंतरावर आहे. ते आपल्या घरकुलापर्यंत पोहोचले का, एवढाच प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने १९९९ साली पहिल्यांदा नियम केला, की वीज केंद्राच्या ५० किलोमीटरच्या परिसरात राखेचा वापर व्हावा. पुढे हे अंतर १०० आणि २०१६ साली ३०० किलोमीटर झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने राख वापराचे आपले धोरण आणले. ३१ डिसेंबर २०२१ च्या नियमानुसार ३०० किलोमीटरच्या आतल्या सरकारी आणि खाजगी इमारतींत राखेच्या विटा किंवा राखेच्या इतर वस्तू वापरायच्या आहेत. अट एकच, त्यांचा भाव दुसऱ्या विटांपेक्षा जास्त नसावा. राख न वापरणाऱ्या केंद्राला टनामागे एक हजार रुपये दंडही ठेवला आहे. आपला अख्खा तालुका या अंतराच्या आत येतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सखल जागेत किंवा जुन्या खाणीत राख भरली तरी ती सरकारी आकड्यांत 'वापरली' अशीच धरली जाते. आकडा वाढतो, पण तिथल्या विहिरीला धोका राहतोच. विटेत बांधली गेलेली राख आणि खड्ड्यात ओतलेली राख यांत फरक आहे, तो आपण ओळखला पाहिजे.

आता थोडा कारकुनी हिशेब करू. रमाई आवासचे २६९ चौरस फुटांचे घर धरले तर ढोबळ मानाने साडेसहा हजार विटा लागतील. एका विटेत पावणेदोन किलोच्या आसपास राख धरली तर एका घरात सुमारे ११ टन राख जिरते. मातीच्या विटा घेतल्या तर शेताच्या वरच्या थरातली सुमारे २० टन माती जाते. गावात पन्नास घरकुले झाली तर हा आकडा कुठे जाईल ते आपणच बघा.

वीट घेताना तपासा

राखेची वीट कच्ची निघते, प्लास्टर सुटते, अशी तक्रार ऐकू येते. ती पुष्कळदा खरी असते. दोष राखेचा कमी आणि वीट करणाऱ्याचा जास्त असतो. तलावातली जाडी राख घ्यायची, सिमेंट किंवा चुना कमी टाकायचा आणि आठ दिवसांत वीट विकायची. राखेची क्रिया सावकाश चालते, म्हणून विटेला दोन ते तीन आठवडे नीट तराई लागते. घरच्या घरी तीन गोष्टी पाहता येतात :

१) दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे.

२) एक मीटर उंचीवरून वीट जमिनीवर सोडा. तिचे तुकडे होता कामा नयेत.

३) उन्हात चांगली वाळलेली वीट तोला, चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुसून पुन्हा तोला. कोरडी २ किलो ८०० ग्रॅम आणि ओली ३ किलो ३०० ग्रॅम भरली, तर पाणी शोषले सुमारे १८ टक्के. वीस टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर ती वीट परत करा.

शक्तीची तपासणी मात्र प्रयोगशाळेतच होते. विक्रेत्याकडे तिचा दाखला मागायला लाजू नका. पैसे आपले आहेत आणि घरही आपलेच आहे.

भट्टीवरच्या मजुराचे काय?

मातीची भट्टी बंद झाली तर आमची रोजी जाईल, असे कोणी म्हणेल. हा प्रश्न रास्त आहे. आज दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात, मुलांची शाळा बुडते आणि पाऊस लागला की काम संपते. राखेच्या विटेला आग लागत नाही, शेडमध्ये ती पावसाळ्यातही करता येते. गावातच वर्षभर काम राहू शकते. पण यंत्रावर माणसे कमी लागतात, हेही खरे. म्हणून असे कारखाने निघतील तिथे पहिला हक्क वीटभट्टी मजुरांचा असावा आणि महिला बचत गटांना त्यासाठी कर्ज मिळावे, ही मागणी आपण आतापासून केली पाहिजे. कोरड्या राखेची धूळ छातीला बाधते. तोंडाला मास्क आणि राख ओली करून हाताळणे ही मालकाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे.

येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या बंधुभगिनींनी तीन प्रश्न लेखी द्यावेत. घरकुले, शाळेच्या खोल्या आणि समाज मंदिर यांत राखेच्या विटा वापरतात का? त्यांच्या तपासणीचा दाखला कुठे आहे? आणि तालुक्यात कुठे राख भरली जात असेल तर तिथल्या विहिरीचे पाणी कोणी तपासले? अर्जाची पोच घ्यावी आणि जपून ठेवावी. तोंडी विचारलेला प्रश्न सभेबरोबर संपतो, लेखी प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.