विनम्र सेविका



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग नातवंडं आली, मग गुडघा... कारणं काय, शोधली की सापडतात. पण गेल्या आठवड्यात एक फोन आला आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

फोन आमच्या मंडळीतल्या एका कार्यकर्त्याचा होता. माझा जुना विद्यार्थी, सातवी ब. "बाई, यंदाच्या वार्षिक मेळाव्यात ज्येष्ठांचा सत्कार ठेवलाय. तुमचं नाव 'विनम्र सेविका' म्हणून घेतलंय. एका पानाचा परिचय लिहून द्या आणि एक चांगला फोटो पाठवा." मी म्हटलं, "अरे, विनम्रतेबद्दल सत्कार? आणि परिचय मीच लिहायचा?" तर म्हणतो, "हो ना बाई, तुमच्याइतकं छान कोण लिहिणार!"

पोरगं साधं आहे, त्याला यात विनोद दिसला नाही. मला आधी हसू आलं आणि मग राग आला. राग त्याचा नाही. आपण ख्रिस्ती लोकांनी 'नम्रता' या शब्दाचं जे काही करून ठेवलं आहे त्याचा. (माझ्या भावंडांनो, तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे. ताई, तू चिडणार आहेस. चीड, पण शेवटपर्यंत वाच.)

आमच्याकडच्या निमंत्रणपत्रिका काढून बघा. खाली सही 'प्रभूचा क्षुद्र दास', आणि त्या दासाच्या नावामागे पदव्यांची अशी रांग की नाव शोधावं लागतं. प्रार्थनेत 'मी धुळीचा कण' म्हणायचं आणि माईक वीस मिनिटं सोडायचा नाही. स्टेजवर मधली खुर्ची कुणाची यावरून दोन कुटुंबं वर्षभर बोलत नाहीत, आणि त्याच स्टेजवरून लूकच्या शुभवर्तमानातल्या परुशी आणि जकातदारावर प्रवचन होतं. ती गोष्ट ऐकताना आपण सगळे मनातल्या मनात म्हणतो, "बरं झालं बाई, आपण त्या परुश्यासारखे नाही." म्हणजे गोष्ट ऐकता ऐकताच आपण परुशी होऊन बसलो!

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? मी तीसएक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझ्या प्रार्थनांना मंडळीत मान होता. "बाईंची प्रार्थना ऐकावी" असं लोक म्हणायचे आणि ते मला ऐकू यायचं. मी शब्द निवडायचे. विशेषणं दोन-दोन लावायचे. दुसरं कुणी प्रार्थना करत असलं की डोळे मिटलेले, पण डोक्यात लाल पेन चालू.

पण माझं खरं भांडण वेगळं आहे. नम्रता कुणाला शिकवायची आणि कुणाकडून मागायची, याचं.

माझे आजोबा गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्याच्या महारवाड्यातले. निजामाचं राज्य होतं. गावकीचं काम, चावडीपुढे लांब उभं राहून जोहार घालायचा, नजर खाली. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा आलेल्या प्रचारकाने त्यांना आपल्या शेजारी सतरंजीवर बसायला सांगितलं. आजोबा बसलेच नाहीत. दाराशी उभे राहिले. आजी सांगायची, ह्यांना बसायला शिकायलाच वर्ष गेलं. आता मला सांगा, या माणसाला कुणी 'नम्र व्हा' म्हणून उपदेश करायचा? त्यांच्या पाठीचा कणा जन्मभर वाकवलेलाच होता. त्यांच्यावर देवाची कृपा झाली म्हणजे ते वाकले असं नाही, ते सरळ झाले. एकाच्यापुढे गुडघे टेकायचे म्हणजे बाकी कुणापुढे टेकायची गरज उरत नाही, एवढं ते समजले होते. शाळा न शिकता.

लाचारी आणि नम्रता यात हा फरक आहे, आणि तो आपण पुसून टाकला आहे. आता आमच्यात 'साहेब' म्हटल्याशिवाय काही पाळक वळून बघत नाहीत. सत्तरीच्या म्हाताऱ्या तिशीतल्या पाहुण्या प्रचारकाच्या पाया पडतात आणि तो पडू देतो! ज्यांच्या आजोबांनी पाया पडणं सोडावं म्हणून एवढा खटाटोप झाला, त्यांच्याच नाती परत वाकल्या. याला नम्रता म्हणायचं?

आणि बायकांना तर विचारूच नका. लग्नातल्या प्रवचनात 'नम्र' हा शब्द नवरीकडे बघूनच उच्चारला जातो. कमिटीच्या मीटिंगमधे पुरुषांकडे बघून उच्चारलेला मी तरी ऐकला नाही.

आपण पंडिता रमाबाईंचं नाव घेतो. मुक्ती मिशनला केडगावला सहली नेतो. पण रमाबाई नेमक्या कशा नम्र होत्या हे बघतो का? १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या सिस्टरांच्या आधाराने राहत होत्या त्यांच्याशीच त्यांनी धर्मतत्त्वांवर वाद घातले. पटेल तेवढंच मानीन, म्हणाल्या. त्यांची ती पत्रं छापलेली आहेत. आश्रितानं गप्प बसावं, ही त्या काळीही नम्रता समजली जायची, ती त्यांनी केली नाही. आणि हीच बाई, जिला १८७८ मधे कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तिने आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, तो कशासाठी? तर खेड्यातल्या, नुकती अक्षरं ओळखू लागलेल्या बाईला वाचता यावं म्हणून. जड संस्कृत शब्द काढून टाकले. संस्कृत ज्याला येत नाही त्याला ते काढून टाकणं सोपं आहे हो, यांच्या तर ते जिभेवर होतं. १९२२ मधे त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं. मराठीची बाई म्हणून सांगते, आपल्याला येणारा भारी शब्द न वापरणं फार जड जातं. मला अजून जमलेलं नाही.

टिळकांचंही तसंच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण काय सांगतो? "एवढे मोठे ब्राह्मण ख्रिस्ती झाले!" अजून त्यांची जात आपल्याच तोंडी असते, आपल्याच मंडळीला मोठेपणा यावा म्हणून. ज्या महारामांगांच्या वाड्यांनी इथल्या मंडळ्या उभ्या केल्या त्यांतल्या एकाचं नाव आपल्याला पाठ नसतं. टिळकांनी स्वतः १९१७ मधे मिशनची पगारी नोकरी सोडली, भगवी वस्त्रं घेतली आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असे दोन्ही चालणार होते. दोनच वर्षांत, १९१९ ला ते गेले. त्यांनी सोडलेलं आपण सांगत नाही, मिळवलेलं सांगतो. आणि लक्ष्मीबाई? शाळेत न गेलेली बाई. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, त्याचे पुढचे ६४ अध्याय तिने लिहिले. 'स्मृतिचित्रे' वाचताना स्वतःवर हसणारी ती बाई बघा. स्वतःची फजिती इतक्या मजेत सांगणारं माणूस मला आमच्या कुठल्याच स्टेजवर दिसलेलं नाही.

असो. आता दुसरी गोष्ट, ती लिहायला जड जाते.

देवाशी जवळीक. हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. "आज पहाटे देव माझ्याशी बोलला," असं सुरू झालं की सगळी मंडळी गप्प. कारण यापुढे बोलणार कोण? देवानंच सांगितलंय म्हटल्यावर शंका विचारणारा अविश्वासी ठरतो. मला तर वाटतं, गर्वाला याहून सुरक्षित जागा नाही. जवळीक म्हणजे जणू मंत्रालयातली ओळख. "आपलं आत चालतं."

आमचे हे आजारी होते तेव्हा बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले होते. पोटाचा कॅन्सर होता, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं होतं. त्या गृहस्थांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवानं मला दाखवलंय, मास्तर ईस्टरला चालत चर्चमधे येणार." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पटलं नव्हतं, पण मला आशा वाटतेय हे त्यांना दिसलं, म्हणून 'आमेन' म्हणाले. ईस्टरच्या आधीच ते गेले. नंतर कुणाकडून तरी निरोप आला, की घरात विश्वास कमी पडला.

कुणाचा? त्यांचा की माझा? देवाचं चुकत नाही, त्या प्रचारकाचंही चुकत नाही, म्हणजे उरलो आम्ही दोघं, आणि त्यातला एक तर मातीत. नऊ-दहा वर्षं झाली, अजून हे वाक्य रात्री उठवतं. म्हणून मी हे इथे लिहिते आहे. ज्यांना कुणी असं सांगितलं असेल त्यांनी ऐका, ती देवाची भाषा नव्हे.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मधे छापून आली. अर्धं आयुष्य त्यांना देव जवळ आहे असं वाटलंच नव्हतं, नुसता अंधार. तरी पहाटे उठून काम चालू. स्तोत्रसंहिता उघडा, त्यात तक्रारीच तक्रारी, आणखी किती दिवस म्हणून. आपले तुकोबा विठ्ठलाशी भांडभांड भांडतात. खुद्द प्रभू वधस्तंभावर विचारतो की मला का टाकलंस. आणि आपले प्रचारक मात्र रोज पहाटे देवाशी गप्पा मारून ताजेतवाने!

त्या महिन्यांत माझी प्रार्थना बंद पडली होती. विशेषणं संपली. रात्री त्यांना कुशीवर वळवताना तोंडातून एवढंच निघायचं, "बघ ना रे." पुढे काही नाही. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी मराठी शिकवून आयुष्यात कधी आली नव्हती. आपण पाळकांना अहो-जाहो करतो, सेक्रेटरींना 'आपण' म्हणतो आणि देवाला अरे-तुरे. आईला आणि देवाला 'तू'. भाषेनं ही जवळीक फुकट देऊन ठेवली आहे, प्रत्येकाला. तिच्यासाठी पहाटेची खास भेट लागत नाही.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत, चार घरची धुणीभांडी करतात. प्रार्थनासभेत त्यांची प्रार्थना अशी, "येशूबापा, माज्या लेकाची दारू सुटू दे, आन् पत्रा गळतोय." माझं लाल पेन तिथे सगळ्यात जोरात चालायचं. या मावशी ह्यांच्या आजारपणात रोज संध्याकाळी कामं आटोपून यायच्या. पाणी तापवायच्या, ह्यांचे सुजलेले पाय पुसायच्या, घाण झालेली चादर बदलायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, जरा प्रार्थना करा ना." तर म्हणाल्या, "केली की मगाशी, पानी तापंस्तोवर."

आपल्या पैठणची कथा सगळ्यांना माहीत आहे. नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता आणि घरात कुणालाही पत्ता नव्हता. कथाच ती, पण योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो, तिथेही पाणीच आहे. मला वाटतं देवाला माईकपेक्षा पाण्याची कामं जास्त आवडत असावीत. (पाळक मंडळी, क्षमा करा. किंवा नका करू.)

माझा पुतण्या म्हणतो, "आत्या, लोक हौसेनं सत्कार करतात, त्यांचा आनंद का घालवतेस?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्यांच्या बापजाद्यांना कुणी सतरंजीवर बसू दिलं नाही, त्यांच्या खांद्यावर चारचौघांत शाल पडली तर ती छोटी गोष्ट नाही. आजोबांच्या खांद्यावर पडली असती तर मी रडले असते. पण मग ती त्यांनाच द्या की! ज्यांना दोन पानी परिचय आहे त्यांच्याच अंगावर परत परत का?

म्हणून मी फोन करून मावशींचं नाव सुचवलं. तो म्हणाला, "बाई, त्या स्टेजवर काय बोलणार?" मग मी मावशींनाच विचारलं. त्या हसल्या. "शाल नगं बाई, पत्र्याचं बघा म्हनावं."

काल मी कमिटीला पत्र लिहिलं. सत्कार स्वीकारू शकत नाही, आणि शाली-नारळ-स्मृतिचिन्हांच्या पैशांतून मावशींच्या घरावर पावसाळ्याआधी पत्रे टाकावेत, असं लिहिलं. पाकिटात घालण्याआधी एकदा वाचलं, मग परत वाचलं. भाषा इतकी छान उतरली होती की तिसऱ्यांदा शेजारच्या सुनबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं.