पावसाळ्यातलं ऊन पाणी

“मॅडम, सहानंतर उठलं की थंडच,” दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मला म्हणाली. जुलैतली सकाळ होती आणि पुण्यात चार दिवस सूर्य दिसला नव्हता. मी ज्या वसतिगृहाच्या समितीवर आहे तिथे 200 मुली राहतात. गच्चीवर सौर बंबांच्या रांगा आहेत. एप्रिलमध्ये त्यांचं पाणी इतकं कढत येतं की विसण घातल्याशिवाय अंगावर घेता येत नाही, पण तेव्हा ते कुणाला नकोच असतं. पावसाळ्यात सगळी भिस्त टाकीतल्या विजेच्या कॉइलवर. पहिल्या काही बादल्या गरम, पुढच्या गार. तापातून उठलेली मुलगीही त्याच गार पाण्यानं अंघोळ करते आणि आम्ही समितीवाले वीजबिलाकडे बघून जास्त कॉइल बसवायला नकार देतो. हे मला फार टोचतं.

म्हणून या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मुलीमागे 30 लिटर धरलं तर दिवसाला 6000 लिटर. पाणी 25 अंशांवरून 55 वर न्यायचं. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे एकूण 1,80,000 किलोकॅलरी. विजेच्या भाषेत रोज सुमारे 210 युनिट. कॉइल कितीही चांगली आणली तरी हा आकडा खाली येत नाही, कारण ती एका युनिटची एका युनिटाएवढीच उष्णता देते.

हीट पंपाचं गणित वेगळं आहे, कारण तो उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो. घरातल्या फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागतं. आतल्या भाजीतली उष्णता फ्रिज बाहेर टाकत असतो. हीट पंप हेच काम बाहेरच्या हवेशी करतो. पंखा हवा ओढतो, नळ्यांमधलं शीतक त्या हवेची उष्णता घेऊन उकळतं, कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून आणखी तापवतो आणि ती उष्णता पाण्याला मिळते. एक युनिट वीज घालून तीन-साडेतीन युनिटांएवढी उष्णता हाती येते. आमचे 210 युनिट 60 ते 70 वर येतात.

मला सर्वांत भावली ती पावसाळ्याची गोष्ट. जी दमट हवा आपले कपडे आठ-आठ दिवस वाळू देत नाही, तीच या यंत्राला मानवते. थंड नळ्यांवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि होताना ते आपली उष्णता सोडतं. सौर बंब ज्या महिन्यांत हात टेकतो, त्याच महिन्यांत हीट पंप उत्तम चालतो. म्हणून सौर बंब काढून टाका असं मी म्हणणार नाही. पाणी आधी त्यातून जाऊ द्यावं, उरलेले अंश हीट पंपानं चढवावेत.

ही काही कालची कल्पना नाही. झुरिकच्या रातहाउसला, तिथल्या जुन्या सभागृहाच्या इमारतीला, 1938 मध्ये लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसवला होता. तो 2001 पर्यंत चालला.

तरीही “आमच्याकडे लावला होता, फसला,” असं सांगणारे भेटतात. त्यातलं एक ठिकाण मी बघून आले. साठेक खाटांचं रुग्णालय, नाव कशाला घेऊ. जागा वाचावी म्हणून ठेकेदारानं यंत्र जिन्याखालच्या खोलीत बसवलं होतं आणि आवाज नको म्हणून दारही लावून घेतलेलं. आत पाऊल टाकलं तर शीतगृहात आल्यासारखं वाटलं, भिंती ओल्या. यंत्र स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा पुन्हा ओढत होतं. त्यात उष्णता उरणार कुठून? बाळंतिणींसाठी पाणी गॅसच्या शेगडीवर तापत होतं आणि दोष यंत्राच्या माथी मारला जात होता. मला तिथे राग आवरेना.

या यंत्राला मोकळी हवा लागते, आणि धीरही लागतो. गिझरसारखं बटण दाबताच पाणी तापत नाही. हवा उबदार असते तेव्हा, दिवसा, आठ-दहा तास चालवून उद्या पहाटेचं पाणी आजच टाकीत भरायचं असतं. म्हणून टाकी मोठी हवी, तिला जाड वेष्टण हवं, आणि पाणी टाकीत 60 अंशांवर ठेवायला हवं. कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला हा फुफ्फुसाला बाधणारा जिवाणू वाढतो. रुग्णालयांनी तर याकडे मुळीच काणाडोळा करू नये. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर आधी मृदू करून घ्यावं, नाहीतर आतल्या नळ्यांवर थर चढतो.

आणि ती गार हवा. आमच्या स्वयंपाकघरात सहा मावशी 200 मुलींच्या पोळ्या करतात. मे महिन्यात भट्टीसमोर पाच मिनिटं उभं राहवत नाही, त्या चार तास उभ्या असतात. यंत्र स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला बसवून त्याची गार हवा पत्र्याच्या नळीतून आत सोडता येते. त्यासाठी जास्तीची वीज लागत नाही. वर पाणी तापत असताना खाली मावशींच्या पाठीला वारा लागेल. हिशेबाच्या तक्त्यात याला रकाना नाही, पण माझ्यासाठी हे विजेच्या बचतीइतकंच मोलाचं आहे.

समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. कुणी स्वस्तातली जादा कॉइल सुचवेल, कुणी डिझेलचा बॉयलर. माझं मत हीट पंपाला आहे, आणि तो उघड्यावरच बसवायचा, ही अट मी ठरावात लिहून घेणार आहे.