मुकी शेळी दुखणे सांगत नाही



ज्या घराला शेताचा तुकडा नाही, त्या घराच्या दारात बहुधा एक-दोन शेळ्या असतात. मुलाची फी भरायची असो, लेकीचे बाळंतपण असो की दवाखान्याचे बिल असो, सावकाराच्या दारात जाण्याऐवजी आई शेळी विकते. शेळी ही आपल्या मायबहिणींची ठेव आहे. बचत गटाचे कर्ज काढून घेतलेली शेळी मेली तर ठेव बुडते आणि हप्ता मात्र उरतो. म्हणून या वेळी आम्ही शेळीच्या आजारपणाविषयी लिहीत आहोत.

"काल संध्याकाळपर्यंत चांगली चरत होती, सकाळी मेलेली दिसली," असे गावोगावी ऐकू येते. मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते करणी केली. शेजारणीशी भांडण होते, उताऱ्यावर पैसे जातात आणि दुसरी शेळीही त्याच रोगाने जाते. आमचे म्हणणे असे की, खरोखर एका रात्रीत मरणाऱ्या शेळ्या थोड्या. पुष्कळ शेळ्या आठ-पंधरा दिवस आधीपासून आजारी असतात. आपल्याला ते दिसलेले नसते, इतकेच.

ते दिसत नाही याचे कारण आहे. शेळीचे पूर्वज डोंगरात राहणारे, लांडग्या-बिबट्यांचे भक्ष्य. कळपात जी लंगडते, मागे पडते, तिच्यावर शिकारी आधी झडप घालतो. म्हणून दुखणे लपवणे शेळीच्या अंगवळणी पडले आहे. अंगात ताप असला तरी ती कळपाबरोबर चालते, चाऱ्यात तोंड घालते. आपण लांबून पाहतो आणि "खाते आहे" असे म्हणतो. जवळ जाऊन पाहिले तर ती चारा नुसता हुंगत असते. तेव्हा शेळी सोडण्यापूर्वी रोज पाच मिनिटे तिच्याजवळ बसावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट रवंथ. पोट भरलेली निरोगी शेळी निवांत बसून रवंथ करते. तिच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरावी. मिनिटाला एक-दोन वेळा पोट आतून हात ढकलते. ही हालचाल थांबली, रवंथ बंद झाला किंवा शेळी करकर दात खाऊ लागली, तर पोटात काही तरी बिघडले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट डोळा. खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढून आतला रंग पाहावा. तो लालसर गुलाबी असावा. फिकट किंवा पांढरा दिसला तर अंगात रक्त कमी झाले आहे. पावसाळ्यात याचे मोठे कारण म्हणजे पोटात राहून रक्त पिणारा जंत. या जंताची गंमत अशी की, त्याने पुष्कळदा हगवण लागत नाही. लेंड्या नीट पडतात, म्हणून मालक निश्चिंत राहतो आणि शेळी आतून रिकामी होत जाते. पुढे जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज येते. तोवर फार उशीर झालेला असतो. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यकांनी पापणीचा रंग ताडून पाहण्यासाठी पाच रंगांचे एक कार्डच तयार केले आहे. ते कार्ड हाती नसले तरी आपल्याच दोन शेळ्यांच्या पापण्या शेजारी शेजारी पाहिल्या तर फरक कळतो.

तिसरी गोष्ट पाठ. पोट फुगलेले दिसले म्हणजे शेळी धष्टपुष्ट आहे असे नाही. जंतानेही पोट सुटते. शेवटच्या बरगडीच्या मागे कण्यावर हात फिरवावा. हाडे बोटांना टोचू लागली तर शेळी खंगत आहे. महिन्यातून एकदा तरी हात फिरवून अंदाज वहीत लिहून ठेवावा. शाळेत जाणारी मुले हे काम हौसेने करतात.

चौथी गोष्ट शेपटीखालची जागा, नाक आणि कास. शेपटी घाणीने माखली असेल, नाकातून घट्ट शेंबूड येत असेल, तोंडात फोड किंवा दुर्गंधी असेल, तर त्या शेळीला लगेच वेगळी बांधावी. दुधाची पहिली धार वाटीत काढून पाहावी. गाठी किंवा रक्त दिसले तर कासदाह आहे.

पाचवी गोष्ट ताप. येथे पुष्कळांची फसगत होते. शेळीचे अंग माणसापेक्षा गरमच असते. तिचा नेहमीचा ताप सुमारे १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असतो. हाताला गरम लागले म्हणून ती आजारी आणि थंड लागले म्हणून बरी, असे होत नाही. वस्तीतल्या चार घरांनी मिळून एक थर्मामीटर घ्यावा. तो जनावरांसाठीच ठेवावा, टोकाला तेल लावून गुदद्वारात धरावा आणि नंतर धुऊन ठेवावा.

आता घरच्या चुकांविषयी. १४ एप्रिलची जयंती, बुद्ध पौर्णिमा आणि लग्नसराईत जेवणावळी होतात. उरलेला भात, पोळ्या, बुंदी फेकायला जीव होत नाही, म्हणून ते शेळीपुढे टाकले जाते. शेळीचे पोट पाल्यासाठी आहे. एकदम पोटभर भात किंवा धान्य मिळाले की पोटात आम्ल तयार होते, शेळी सुस्त पडते आणि दोन दिवसांत जाऊ शकते. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण ते अन्न शेळीच्या जिवावर उठता कामा नये.

दुसरी चूक जंताच्या औषधाची. शेजाऱ्याकडची बाटली आणून अंदाजाने पाजली जाते. कमी पाजले तर जंत मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. गाभण शेळीला तर काही औषधे बाधतात. वजन पाहून आणि डॉक्टरांना विचारूनच औषध द्यावे.

खरोखर काही तासांत मारणारा एक रोग आहे, आंत्रविषार. तो बहुधा चांगल्या पोसलेल्या करडांनाच गाठतो. त्यात लक्षणे पाहायला वेळ मिळत नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हाच उपाय. पीपीआर या साथीच्या रोगाचीही लस आहे. ती करड तीन-चार महिन्यांचे झाल्यावर देतात. लस टोचल्याची तारीख वहीत लिहावी.

घरच्या माणसांसाठीही एक सूचना. शेळी गाभडली तर पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये. काही वेळा त्यातून माणसालाही रोग होतो. गर्भार बहिणींनी तर जवळही जाऊ नये. दूध नेहमी उकळूनच प्यावे.

वरीलपैकी काहीही दिसले तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. जिथे फिरते पथक येते तिथे १९६२ या क्रमांकावर फोन करावा. डॉक्टरांना "आजारी आहे" एवढेच सांगू नये. रवंथ कधी बंद झाला, ताप किती, डोळ्याचा रंग कसा, हे सांगावे. ज्याच्याकडे वही आहे, त्याच्या शेळीचा इलाज लवकर सुरू होतो.

बोकड शेवटी बाजारात जातो हे आम्हालाही ठाऊक आहे. पण जोवर जनावर आपल्या दारात आहे, तोवर त्याचे दुखणे आपले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. आणि आपल्या धम्माचे वर्णन 'एहिपस्सिको' असे करतात, म्हणजे या आणि स्वतः पाहा. नजर लागली म्हणणारा पाहत नाही, तो केवळ मानतो. आपण पापणी उघडून पाहू या. भगताला द्यायच्या पैशात थर्मामीटर येतो, आणि तो चार घरांच्या शेळ्या वाचवू शकतो.