टिबुकलीचं घरटं आणि आपली स्वच्छता



आपल्याकडच्या गावतळ्यांवर एक छोटा तपकिरी पक्षी दिसतो. शेपूट जवळजवळ नाहीच, आणि बघता बघता बुडी मारून भलतीकडेच वर येतो. ती टिबुकली. पुष्कळजणी तिला बदकाचं पिल्लू समजतात.

तिचे पाय शरीराच्या पार मागे असतात, त्यामुळे जमिनीवर तिला धड चालता येत नाही. म्हणून ती घरटंही पाण्यावरच बांधते. पाणवनस्पती आणि कुजका पाला यांचा ढीग रचायचा आणि तो वाहून जाऊ नये म्हणून वेताला, गवताला अडकवून ठेवायचा. घरट्यावरून उठायची वेळ आली की अंडी ओल्या पाल्याने झाकून जाते. वरून बघणाऱ्या कावळ्याला नुसता कचरा दिसावा! पिल्लं बाहेर आली की पाठीवर घेऊन पोहते. पंखांतून पट्टेरी डोकी तेवढी दिसतात. आणि हे सगळं आईच करते असं नाही बरं का. अंडी उबवणं, पिल्लं पाठीवर वागवणं, नर-मादी दोघंही करतात. (घरी वाचून दाखवा.)

कावळा, घार, साप यांच्यापासून पिल्लं कशी राखायची हे तिला कळतं. आपल्यापासून कशी राखायची, याला तिच्याकडे उपाय नाही. तिने कचऱ्यासारखं दिसावं म्हणून बांधलेलं घरटं आपल्यालाही कचराच वाटतं. पावसाळा हा तिच्या विणीचा मुख्य काळ, आणि नेमकं गणपतीच्या आधी तळं स्वच्छ करायची आपल्याला घाई. फावडी, दाताळी, कधी जेसीबी. काठचं सगळं गवत एका दिवसात बाहेर. त्यात काय काय गेलं ते कोण बघतं?

स्वच्छतेला माझा विरोध नाही. जलपर्णीने तळं भरलं तर पाण्याचा जीव जातो, ती काढायलाच हवी. पण ते काम उन्हाळ्यात, पावसाच्या आधी उरकता येतं. उशीर झालाच तर निदान एका बाजूचं गवत राहू द्यावं.

दुसरं ब्रेडचं. पुण्य म्हणून तळ्यात ब्रेड आणि फरसाण टाकणाऱ्या आपल्यातही आहेत. टिबुकली ते खात नाही. ती पाण्यातले किडे, बेडकाची पिल्लं, छोटे मासे खाते. आपल्याला पटो न पटो, तो तिचा आहार. मग ब्रेड पाण्यात कुजतो, उरलेल्यावर कावळे आणि कुत्री जमतात, आणि तिच्या पिल्लांवर नजर ठेवणारे आपणच काठावर आणून बसवतो. याला जीवदया म्हणायला मी तयार नाही.

आपल्या सासवा पाणी गाळून जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचंही घर कुठे आहे, याचा विचार त्यात होता. टिबुकली तर डोळ्यांना दिसते.

तळ्याच्या सफाईची तारीख ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ठरते. तुमच्या गावची कधी आहे, विचारून घ्या. श्रावण-भाद्रपदातली असेल तर महिला मंडळाचा एक अर्ज द्या, आणि सफाईच्या आदल्या दिवशी दोघी-तिघींनी काठाने एक फेरी मारा. पाण्यावर पाल्याचा ढीग तरंगताना दिसला तर हात लावू नका, लांबूनच पाहा. जवळ एखादी टिबुकली घुटमळत असेल, तर तो भाग सोडायला सांगा.